पुराची सवय घेऊन दुष्काळात जाऊ नका: मदतकार्याला निघालेल्या तालमीच्या पोरांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही कोल्हापुरातल्या एका तालमीचे कार्यकर्ते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरला मदतीचं काम केलंय. आता मे महिन्यात जत-आटपाडी भागात आठवडाभर फिरायचं ठरवतोय. पाण्याचे टँकर, धान्याची किट आणि जमलेले कपडे नेणार. काय काय घ्यावं, राहायचं कुठं, गावात भेटायचं कुणाला?"

कपडे नेऊ नका. ते प्रश्नातून आधी वगळा, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल. पुरात माणूस अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडतो, म्हणून तिथं कपडा लागतो. दुष्काळात पेटी, कपाट, भांडी जागच्या जागी असतात. उलट तिथल्या बाईला धुवायला पाणी नसताना तुम्ही आणखी धुण्याचा ढीग देऊन येता.

माझं सगळं म्हणणं याच एका फरकावर उभं आहे. कोल्हापूरकरांचा मदतीचा हात पुरानं घडवलाय. पाणी चढतं, चार दिवसांत उतरतं, तेवढ्यात जो पोहोचला तो कामाचा. म्हणून आपण वेगात निघतो, गाड्या भरून नेतो, रस्त्यावर दिसेल त्याला देतो आणि परत येतो. पुरात ते बरोबर आहे. दुष्काळ महिनोनमहिने चालू असतो. दुकान उघडं असतं, रेशन येत असतं, शाळा भरते. नसतं ते पाणी, वैरण आणि मजुरी. आणि या तिन्ही गोष्टी रोज लागतात. एका दिवसाच्या मदतीनं तिथं काही हलत नाही. हे तुमच्या मनाला लागेल, पण हिशेबच मांडून बघा.

ग्रामीण भागात टँकरचा सरकारी हिशेब माणशी दिवसाला २० लिटरचा. म्हणजे दहा हजार लिटरचा तुमचा टँकर ५०० माणसांना एक दिवस पुरला. यात जनावरं धरलेली नाहीत, आणि उन्हाळ्यात एक मोठं जनावर एकटंच ४० लिटरच्या पुढे पितं. आता तीन हजार वस्तीच्या गावात हा टँकर नेऊन उभा केला तर काय होईल? जे गाडीजवळ आहेत ते भरून घेतील, भांडणं होतील, तुमचे फोटो निघतील. दुसऱ्या दिवशी गाव होतं तिथंच. त्याऐवजी दीड-दोनशे माणसांची एक वाडी धरा आणि आठवड्यातले ठरलेले वार जून संपेपर्यंत पाळा. पैसे कदाचित तेवढेच जातील. पण त्या वाडीतली बाई तुमचा वार धरून आपली कामं लावायला लागेल, आणि मदत म्हणजे खरं तर तेवढंच असतं.

म्हणून पहिली फेरी रिकाम्या हातानं करा. दोघे-तिघेच जा. शक्यतो एसटीनं मिरज, कवठेमहांकाळवरून जतला उतरा आणि पुढं वडापनं, म्हणजे सवारी भरून जाणाऱ्या जीपनं, गावं धरा. जीपवर बॅनर लावून गेलात की गावात तुमची ओळख 'देणारे' म्हणून होते, आणि देणाऱ्याला कुणी खरं सांगत नाही; जे मिळण्याजोगं दिसतं तेच मागतात. वडापमध्ये शेजारी बसलेली म्हातारी मात्र तासाभरात सांगून टाकते की कुणाची बोअर आटली, कुणाची पोरं ऊसतोडीला गेली आणि टँकर कुणाच्या दारात आधी थांबतो.

निघण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: दुष्काळ तालुक्याच्या हद्दीनं पडत नाही. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जतकडे, पाचशेच्या आसपास. पण जतमध्येही म्हैसाळ योजनेचं, आणि आटपाडीत टेंभूचं पाणी ज्या गावांना पोहोचलं तिथं ऊस, डाळिंब, द्राक्षं दिसतील, आणि कालव्यापासून थोडं उंचावर असलेल्या शेजारच्या गावात प्यायला पाणी नसेल. या उपसा योजना आहेत. कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, म्हणजे वीजबिलाचा प्रश्न कायम मानेवर. त्यामुळं गावात गेल्यावर "पाणी आहे का" असं विचारू नका. "आवर्तन कधी येऊन गेलं, पुढचं कधी आहे, आणि कुठल्या वस्तीपर्यंत येतं" असं विचारा. आवर्तन म्हणजे कालव्याला ठरावीक दिवसांनी सोडलेलं पाणी. उत्तर देणाऱ्यालाही कळतं की समोरच्याला थोडंफार समजतं.

सरकारी यादीवरही विसंबू नका. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. सांगलीचे मिरज, शिराळा, कडेगाव, खानापूर होते. जत आणि आटपाडी नव्हते. ज्यांनी ती गावं पाहिली आहेत त्यांना हे वाचून हसावं की रडावं कळेना. पाऊस, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, जमिनीतली ओल अशा निर्देशांकांचं गणित असतं आणि त्या गणितात त्या वर्षी ते बसले नाहीत. नंतर महसूल मंडळांची वेगळी यादी निघाली. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच, की गाव यादीत आहे की नाही हे तलाठ्याकडून आधी कळून घ्या. यादीतल्या गावाला जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ असं काही ना काही मिळायचं असतं. तिथं तुमचं काम अर्ज भरून द्यायचं आणि पोच घ्यायचं. यादीबाहेरच्या गावाला यातलं काही नाही. तुमचा पैसा आधी तिथं जाऊ द्या.

आता भेटायचं कुणाला. सरपंच आणि ग्रामसेवकाला भेटावंच लागतं, पण चहा घेऊन लवकर उठा. मग अंगणवाडी सेविका आणि आशाताई. गावात कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुठलं पोर वाळत चाललंय, हे त्यांच्या वहीत असतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. त्याला तुमचं किट नको, दवाखाना पाहिजे. मोजायचं काम मात्र त्यांनाच करू द्या, तुम्ही पट्टी घेऊन पोरांचे दंड धरत फिरू नका. तुम्ही फक्त दवाखान्यापर्यंतच्या गाडीची सोय करा. त्या बापड्या वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लिहून देतात आणि गाडीभाड्यापायी आई जात नाही.

तिसरं भेटायचं ते गावठाणाबाहेरच्यांना. टँकर गावच्या विहिरीत किंवा चौकातल्या टाकीत रिकामा होतो. दोन-तीन किलोमीटरवरच्या मळ्यात, खोऱ्यात, तांड्यावर राहणाऱ्यांचं काय? दलित वस्तीचं काय? तिथल्या बायका चौकातल्या रांगेत कितव्या उभ्या असतात? हे गावात विचारून कळत नाही. त्यासाठी सकाळी टँकर यायच्या वेळी तिथं निवांत बसायचं आणि बघायचं. जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडे, बरीच घरं कन्नड बोलतात. गडहिंग्लज किंवा शिरोळकडचा, घरी कन्नड असलेला एखादा कार्यकर्ता तुमच्याकडे नक्की असेल. त्याला आधी तिकडं पाठवा. मराठी येणारा पुरुष सांगतो ती एक गोष्ट असते आणि चुलीपाशी बाई सांगते ती दुसरी.

पाणी नेणारच असाल तर विहिरीत ओतू नका. आटलेल्या विहिरीच्या तळाशी गाळ असतो. त्यात टँकर सोडला की ते पाणी गढूळ होतं, वर बायकांना खोलवर वाकून शेंदावं लागतं. त्यापेक्षा ओट्यावर बसवलेली प्लॅस्टिकची टाकी आणि तिला चार-सहा तोट्या ही एकदाच करायची आणि टिकणारी मदत आहे. टाकी कुठं बसवायची हे मात्र बायकांना विचारून ठरवा. पुरुष देवळासमोर म्हणतील.

पाण्यात औषध टाकणं टाळू नका. हे औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावाकडे तिला टीसीएल पावडर म्हणतात. चांगली ताजी पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे दहा हजारच्या टँकरला २५ ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टँकरमध्ये टाकायची आणि पाणी निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबू द्यायचं. मग तोटीवर तपासायचं. उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम पाहिजे. ओटी द्रावणाचे थेंब टाकून पिवळी छटा आली की क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं पावडरचं पोतं दिसेल, त्याच्या भरवशावर राहू नका. उन्हात आणि हवेत त्यातला दम कधीच गेलेला असतो. बंद डबा घेऊन जा आणि गावच्या जलसुरक्षकाला सोबत घेऊनच हे करा, म्हणजे तुमच्या मागे तो करत राहील.

आता वैरण. माझ्या मते कोल्हापूरकरांनी पाण्यापेक्षा इथं हात घालावा, कारण पाण्याचं काम सरकार बरंवाईट करतंच आणि वैरण ही आपल्याकडची श्रीमंती आहे. तिकडचं खिलार जनावर हे घरातलं भांडवल असतं. घरी पाहुणा आला तरी आधी दावणीकडे बघणारी ती माणसं. वैरण संपली की जनावर बाजारात जातं, तेही सगळ्यांचं एकदम, आणि भाव कोसळतो. पुढच्या पावसात पेरायला बैल नसतो, दुधाचा पगार बंद झालेला असतो. माणूस दुष्काळातून बाहेर येतो, पण प्रपंच पाच वर्षं मागं जातो. एक जनावर राखणं म्हणजे ती पाच वर्षं राखणं.

हिशेब इथंही करा. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो ओली वैरण धरली तर दहा टनांच्या ट्रकवर साडेसहाशेच्या आसपास जनावरांचा एक दिवस निघतो. एका गावाचं सगळं पशुधन तुम्हाला पोसवणार नाही. तेव्हा निवड करा: दुभती, गाभण आणि कामाचे बैल, त्यातही ज्यांच्याकडे दोनच जनावरं आहेत त्यांची. पंधरा जनावरांवाला चारा छावणी गाठतो; ज्याच्याकडे एकच म्हैस आहे तो तिला सोडून घर बंद करून जाऊ शकत नाही.

वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, नेताना दोन गोष्टी सांभाळा. गळीत हंगाम मार्चच्या सुमारास आटोपतो, म्हणजे तुम्ही मे महिन्यात शोधाल तेव्हा वाढं मिळणार नाही. आणि वाढ्यात ऑक्झलेट असतं. महिनाभर नुसतं वाढंच खाल्लं तर अंगातलं कॅल्शियम कमी होतं, दुभतं जनावर खंगतं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि सोबत दुसरं काहीतरी द्यायचं. ते दुसरं आपल्याकडे आहे. आजरा-राधानगरीकडचं भाताचं पिंजर हलकं असतं, ट्रक भरलेला दिसतो आणि वजन भरत नाही, पण पोट भरायला चालतं. सगळ्यात चांगला मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. हिवाळ्यात शिरोळ-हातकणंगलेच्या शेतकऱ्यांशी बोलून पिशव्या भरून ठेवल्या तर दीड महिन्यात तयार होतो आणि एप्रिल-मेमध्ये नेता येतो. यंदा उशीर झालाय. पुढच्या वर्षासाठी आताच बोलून ठेवा. आणखी एक: तिकडं पावसाअभावी आखूड राहिलेली, कोमेजलेली कोवळी ज्वारी कुणी जनावराला घालत असेल तर थांबवा. तिच्यात विष तयार झालेलं असतं आणि जनावर तासाभरातही जातं. पशुवैद्यकाचा नंबर हाताशी ठेवूनच गावात फिरा.

मेंढरांचा विचार वेगळा. छावणीची सगळी रचना गाई-म्हशी-बैलांसाठी असते. धनगर बांधव तर तोवर गाव सोडून आपल्याच बाजूला आलेले असतात. हातकणंगले, करवीरच्या मोकळ्या रानात जी मेंढरं बसलेली दिसतात ती त्याच मुलखातली. त्यांना मदत करायला तुम्हाला जतला जायची गरज नाही. रानात पाण्याची टाकी, मेंढरांना लसीची सोय, पोरांची शाळा आणि रस्त्यावर कुणी त्रास दिला तर सोबत उभं राहणं, हे सगळं तालमीपासून अर्ध्या तासावर आहे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळायला आपण जातो, तीच माणसं.

धान्याच्या किटबद्दल माझं मत कडू आहे. लक्ष्मीपुरीतून घाऊक माल भरून न्यायचा मोह होतो, स्वस्त पडतो. पण त्या गावात एक किराणा दुकानदार असतो, ज्यानं वर्षभर अख्ख्या वाडीला उधारीवर जगवलंय. तुमचं किट आलं की महिनाभर त्याचा गल्ला बंद, आणि तुम्ही गेल्यावर उधारी देणारं कुणी नाही. किट द्यायचंच असेल तर माल त्याच्याकडून घ्या. महाग पडेल, पडू द्या. तसंच जेवणाचं. तुमच्या दहा जणांचा स्वयंपाक गावातल्या बचत गटाला सांगा आणि रोख पैसे द्या. गटातल्या बायकांशी बोलताना कळेल की त्यांची खरी झोप मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यानं उडवलीय. त्यावर तुमच्याकडे उपाय नाही, पण निदान "सगळं नीट होईल" असं म्हणू नका.

मजुरीचं म्हणाल तर हाताला काम हाच दुष्काळावरचा जुना इलाज. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, कामं काढली आणि कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी शिशुगृहंही चालवली. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं तुम्हाला त्या गावांत अजून भेटतील. तेव्हा परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची चव त्यांना विचारून बघा. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. आज गावात काम नसेल तर "काम नाही" एवढं ऐकून परतू नका. कामाची मागणी लेखी भरली होती का आणि तारखेची पोच घेतली होती का, हे विचारा. बहुतेक वेळा तोंडी मागणी झालेली असते आणि तोंडी नकार मिळालेला असतो. लिहिता येणारी दोन पोरं दोन दिवस ग्रामपंचायतीत बसली तर ते काम एका ट्रकच्या तोडीचं आहे. आणि काम निघालं तर महाराजांची ती शिशुगृहाची गोष्ट आठवा: झाडाखाली सावली करून, एक आजी पगारावर बसवली तरी चार आया कामावर येतात.

राहायचं शाळेत किंवा देवळात, विचारून. सरपंचाच्या किंवा कुठल्याही पुढाऱ्याच्या घरी नको. एका वाड्यात जेवलात की दुसरी भावकी तुमच्या यादीवर विश्वास ठेवत नाही. प्यायचं पाणी आपलं न्या, आंघोळ विसरा, ओला टॉवेल पुरे. कुणाच्या घरी गेलात की गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं येणारच. नाकारू नका, तो अपमान होतो. भांड्यात थोडंच ओतून घ्या, सगळं प्या, उरलेलं अंगणात फेकू नका. ते फेकलेलं पाणी घरातली सगळी बघत असतात.

ऊन हा गमतीचा विषय नाही. पहाटे पाचला निघा, अकराच्या आत सावलीला या, चारनंतर पुन्हा. प्रत्येकाकडे ओआरएसची पाकिटं हवीत आणि एक पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, तोंडाला बरं लागावं म्हणून अर्ध्या लिटरमध्ये नाही. पंचगंगेत पोहणारी धडधाकट पोरंच आधी चक्कर येऊन पडतात, कारण तहान लागेपर्यंत ती पीत नाहीत.

फोटो काढायचे तर टाकीचे, ट्रकचे, पावतीचे काढा. हंडा घेतलेल्या बाईचा चेहरा नको. ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिलाय तिथं घोळक्यानं जाऊ नका. एकानं जा, ओळखीच्या माणसाबरोबर, आणि मोबाइल खिशात ठेवून. हातात पाकीट देऊन दारातून परत फिरायचं असेल तर जाऊच नका.

राहिला प्रश्न आठवडाभराचा. मे महिन्याचा एक आठवडा निवडलात, कारण सुट्ट्या असतात, आणि बातम्याही तेव्हाच येतात. पण तिकडचा पाऊस आपल्यासारखा मृगात धो-धो येत नाही. आपली पंचगंगा पात्राबाहेर पडायला निघते तेव्हाही जतचं, साताऱ्याकडच्या माण तालुक्याचं शिवार कोरडं असू शकतं. त्या पट्ट्याची भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर आणि त्यावर येणाऱ्या रब्बीच्या ज्वारीवर. जूनअखेर टँकर आणि छावण्या आवरायची घाई सुरू होते, देणारे परत गेलेले असतात, आणि नेमकं तेव्हा बी-बियाणं घ्यायला पैसा नसतो, वैरण उगवलेली नसते. जुलै-ऑगस्ट हा तिथला सगळ्यात ओढगस्तीचा काळ असतो आणि तेव्हा कोल्हापुरातून कुणी फिरकत नाही. म्हणून जमलेल्या पैशाचा निदान तिसरा हिस्सा बाजूला काढून तालमीच्या वहीत वेगळा लिहून ठेवा, बाजरीच्या बियाण्याला आणि वैरणीला. आणि त्या पानावर दोघांच्या सह्या घ्या, कारण तोवर गणपती जवळ आलेले असतील आणि मंडपवाला ॲडव्हान्स मागायला दारात उभा असेल.